मेसेज खरा होता, जिल्हा दुसरा होता: माहितीची पारख शिकवताना या चुका टाळा

एका जुलैत सकाळी माझ्या आठवीच्या वर्गात निम्मी बाकं रिकामी. रात्री ग्रुपवर मेसेज फिरला होता, ‘अतिवृष्टीमुळे उद्या जिल्ह्यातील सर्व शाळांना सुट्टी’. खाली जिल्हाधिकाऱ्यांची सही, शिक्का, सगळं व्यवस्थित. मेसेज खोटा नव्हताच, फक्त तो शेजारच्या महाराष्ट्रातल्या कोल्हापूर जिल्ह्याचा होता, आणि आम्ही कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात. निपाणीहून कागल ते किती लांब? पाहुणे तिकडे, ग्रुप एकच, त्यामुळे तिकडची सुट्टी इकडे यायला बस लागत नाही.

लाजेची गोष्ट अशी की, आदल्याच आठवड्यात याच मुलांना मी ‘खोटी बातमी कशी ओळखावी’ शिकवलं होतं. शुद्धलेखन बघा, तारीख बघा, अधिकृत शिक्का आहे का बघा. मुलांनी बघितलं. सगळं बरोबर निघालं. घरी बसली.

म्हणजे पहिली चूक माझीच. नेटवर तयार मिळणारी तपासयादी मी जशीच्या तशी फळ्यावर उतरवली. यातली सगळ्यात गाजलेली यादी ‘क्रॅप टेस्ट’. कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००४ साली ती तयार झाली. ताजेपणा, उपयोग, लेखक, अचूकपणा, हेतू असे तिचे पाच मुद्दे. वाईट काहीच नाही, पण ही यादी मुलाला त्याच पानावर खिळवून ठेवते, आणि पान सजवणं आता कुणालाही जमतं. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळक आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरून खाली वाचत बसले आणि लोगोला, भारदस्त नावाला फसले. पडताळक मात्र पानावर थांबलेच नाहीत. त्यांनी नवीन टॅब उघडून आधी शोधलं, की या साइटबद्दल इतर लोक काय म्हणतात.

वर्गात हेच शिकवावं. स्टॅनफर्डमध्ये सुरू झालेले ‘सिव्हिक ऑनलाइन रीझनिंग’चे धडे नेटवर मोफत आहेत. माइक कॉलफिल्ड यांची ‘सिफ्ट’ ही चार पायऱ्यांची पद्धतही सुटसुटीत आहे: थांबा, सांगणारा कोण ते बघा, दुसरीकडे काय आलंय ते शोधा, मूळ जागा गाठा. आपल्या भागासाठी मी पाचवी पायरी जोडली आहे: हे कुठल्या जिल्ह्याचं, कुठल्या बोर्डाचं? दहावीचं वेळापत्रक आलं की मुलांनी पहिल्यांदा बघायचं, ते महाराष्ट्र बोर्डाचं आहे की आपल्या कर्नाटकातल्या एसएसएलसी परीक्षेचं.

दुसरी चूक उसन्या उदाहरणांची. परदेशी धड्यांत ‘झाडावरचा ऑक्टोपस’ हमखास भेटतो. १९९८ पासून नेटवर असलेली ही थट्टेची साइट आहे. मी तो खानापूर तालुक्यातल्या मुलांना दाखवला. एक जण म्हणाला, “सर, झाडावर ऑक्टोपस नसतोय की, हे कोण पण सांगेल.” तास तिथंच संपला. ज्यावर आधीच विश्वास नाही ते तपासायचं कशाला?

त्यापेक्षा सीमाभागातला एखादा आकडा द्या. महाराष्ट्राचा दावा नेमका किती गावांवर? कुठं ८१४ दिसतं, कुठं ८६५. मुलांना ‘खरं कुठलं?’ असं विचारलं की वर्गाचं दोन मिनिटांत मैदान होतं आणि मग हेडमास्तर येतात. प्रश्न असा घाला: हा आकडा कुणी, कधी, कुठल्या कागदात दिला? मग मुलं डिसेंबर २०२२ मधल्या महाराष्ट्र विधिमंडळाच्या ठरावापर्यंत जातात, तिथं ८६५ आहे. कुणी मागं सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालापर्यंत जातं, तर तिथं शिफारस केलेल्या गावांचा आकडा आणखी वेगळा. कोण बरोबर हे आपण ठरवायचं नाही. आकड्याला बाप असतो एवढं त्यांना दिसलं तरी पुष्कळ.

तिसरी चूक मला सगळ्यात मोठी वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपण मराठी माध्यमाचे, म्हणून मुलांना मराठीतच शोधायला लावतो. बेळगाव जिल्ह्याच्या सुट्टीचा हुकूम निघतो कानडीत. मराठीत शोधलं तर कोल्हापूर-सांगलीच्याच बातम्या वर येणार. ‘शाले रजे बेळगावी’ हे तीन शब्द कानडी लिपीत टाकून बघा, चित्र बदलतं. मुलांची तक्रार ठरलेली, “सर, कानडी वाचायला येतंय, टाइप करायला येत नाही.” त्यावर उपाय कीबोर्डवरच्या माइकचा. भाषा कन्नड निवडायची आणि बोलायचं. बाजारात बोलतात तसं बोलली तरी चालतं. पुण्याच्या मुलाकडं नसलेलं हत्यार आपल्या मुलाकडं आहे, आणि आपणच ते म्यानात ठेवायला सांगतो.

नावांचा घोळही इथलाच. इंग्रजीत ‘बेलगाम’चं अधिकृत ‘बेळगावी’ झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. त्यामुळे नव्या नावानं शोधलं की जुनं बरंच हाती लागत नाही. १८८४ चं बेळगाव गॅझेटियर किंवा १९२४ चं गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेस अधिवेशन शोधताना इंग्रजीत दोन्ही नावं टाकून बघायला लावा. मराठीतही ‘बेळगाव’ आणि अनुस्वारवालं ‘बेळगांव’ दोन्ही.

फोटोकडे वळतो. निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर पाणी आल्याचा व्हिडिओ पावसाळा लागला की फिरतो. पाणी खरंच आलं होतं, २०१९ ला. गुगल लेन्समध्ये टाकून ‘काही सापडलं नाही’ आलं की मुलं ठरवतात, म्हणजे आजचाच. हे चूक. न सापडणं हा पुरावा नव्हे. व्हिडिओ थांबवून दोन-तीन वेगळ्या जागांचे स्क्रीनशॉट घ्या, वरची अक्षरं कापा, मग टाका. तरीही नाही मिळालं तर डोळे वापरा: पाटी कानडी की मराठी, गाडी बेळगावच्या केए २२ ची, चिकोडीच्या केए २३ ची की कोल्हापूरच्या एमएच ०९ ची.

विकिपीडिया बंदी ही आणखी एक खोड. बंदी घातली तरी मुलं वाचतातच, फक्त सांगत नाहीत. तळाचे संदर्भ उघडायला आणि ‘इतिहास’ टॅबमध्ये कुणी काय बदललं ते बघायला शिकवा. मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे, पण लेख कधीचा आहे ते पाहून वापरा, त्यातली लोकसंख्या आजची समजू नका. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर या बातम्या पडताळणाऱ्या साइटची मराठी पानं आहेत. मात्र तिथला ‘असत्य’ शिक्का वहीत उतरवून घेऊ नका, त्यांनी शोध कसा घेतला ते वाचायला लावा. चॅटबॉटच्या उत्तराला मी एकच नियम लावतो: मूळ पान उघडून दाखव, नाहीतर ते उत्तर धरणार नाही.

आता नेटची रड. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी, जांबोटीकडच्या शाळांत रेंज असेल तर असेल. तिथं मी लखोटे नेतो. एका लखोट्यात मूळ मेसेज, बाकी चारांत त्याबद्दलच्या शोधाचे छापलेले स्क्रीनशॉट, वर फक्त साइटचं नाव. गटानं ठरवायचं आधी कुठला उघडायचा आणि का. गेल्या खेपेला एका गटानं एकही न उघडता ‘खोटं’ असं लिहून दिलं. विचारलं तर म्हणाले, “सर, तुम्ही आणलाय म्हणजे खोटाच असणार की.” तेव्हापासून दर पाच मेसेजांतले दोन मी खरे ठेवतो.