कोल्हापूरचं घर विकायचंय आणि भाऊ अमेरिकेत: भांडवली नफ्याचा कर कसा हाताळावा

राजारामपुरीतलं आमचं घर वडिलांनी १९८४ साली बांधलं. २०२१ मध्ये ते गेले आणि घर मला व न्यू जर्सीतल्या दादाला निम्मं-निम्मं आलं. २०२५ मध्ये ते एक कोटीला विकलं. त्यात जे शिकले ते सांगते.

आधी कागद. प्रॉपर्टी कार्डावर वडिलांचंच नाव असेल तर सिटी सर्व्हेत वारसनोंद करून घ्या. दादा येऊ शकणार नसेल तर त्याचं मुखत्यारपत्र तिकडून आल्यावर तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांक शुल्क भरा.

मग मूल्यांकन. खरा जीव इथे आहे, आणि घाई करून नेमकं हेच राहून जातं. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून दोन तारखांची किंमत काढून घ्या: १ एप्रिल २००१ ची आणि वडील गेले त्या दिवसाची. घर २००१ च्या आधीचं असेल तर भारतात ती २००१ ची किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते, फक्त त्या दिवशीच्या रेडी रेकनरच्या (म्हणजे सरकारी दराने येणाऱ्या) किमतीपेक्षा जास्त नाही. अमेरिका मात्र वारशाच्या घराला मृत्यूच्या दिवशीची किंमत धरते, तीही डॉलरमध्ये.

आमचं गणित बघा. २००१ ची किंमत आठ लाख, म्हणजे दादाच्या वाट्याला चार. त्याचा हिस्सा ५० लाखांना गेला, नफा ४६ लाख. २३ जुलै २०२४ पासून अनिवासीला सरसकट १२.५ टक्के, ४ टक्के सेस धरून कर ५ लाख ९८ हजार. (निवासी म्हणून मला इंडेक्सेशनसह, म्हणजे खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून, २० टक्क्यांचा पर्याय होता, पण इतक्या जुन्या घराला १२.५ टक्केच स्वस्त पडले.) आता अमेरिकेची बाजू. २०२१ मध्ये त्याच्या हिश्श्याची किंमत ४५ लाख, डॉलर ७४ रुपयांच्या आसपास, म्हणजे सुमारे ६०,८०० डॉलर. विकताना डॉलर ८६ ला, म्हणजे ५८,१०० डॉलर. रुपयांत ४६ लाखांचा नफा, डॉलरमध्ये चक्क तोटा! दोन देशांतल्या करारामुळे इथे भरलेल्या कराची वजावट तिकडे मिळते हे खरं, पण या नफ्यावर तिकडे करच नसेल तर वजावट कशातून घेणार? म्हणून असा हिशोब निघाला तर इथलाच कर वाचवायचा. त्यासाठी सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंत भांडवली नफ्याचे बाँड घेता येतात. पैसे पाच वर्षे अडकतात आणि व्याजावर कर लागतो. दुसरा मार्ग म्हणजे दोन वर्षांत भारतात दुसरं घर घेणं.

तिसरी गोष्ट टीडीएसची, म्हणजे खरेदीदार पैसे देतानाच कापून सरकारकडे भरतो त्या कराची, आणि इथे खरेदीदाराला स्पष्ट सांगावं लागतं. आमचा खरेदीदार दोघांचाही एकच टक्का कापणार होता. एक टक्का माझ्या हिश्श्याला लागू, दादाच्या नाही. अनिवासीच्या बाबतीत कमी कपातीचा दाखला नसेल तर बहुतेक जण पूर्ण रकमेवरच १३ टक्के कापतात. दादाचे साडेसहा लाख रिटर्न भरून परतावा येईपर्यंत अडकले असते. म्हणून इसार होताच दादाच्या पॅनवरून आयकर खात्याकडे दाखल्यासाठी अर्ज करा. बाँड घेणार असाल तर तेही अर्जात लिहा. दाखला यायला आठवडे जातात, दस्ताची तारीख त्या बेताने ठरवा. इथे सकाळचे दहा वाजले की तिकडे रात्रीचे साडेबारा (हिवाळ्यात साडेअकरा), त्यामुळे ओटीपीच्या कामांची वेळही आधी ठरवून घ्या.

पैसे दादाच्या एनआरओ खात्यात (अनिवासीच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यात) येतात. तिथून सीएच्या प्रमाणपत्रावर वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. पण खात्यात एक दिवस जरी १०,००० डॉलरवर रक्कम गेली, तरी त्याला अमेरिकेत त्या खात्याची माहिती वेगळ्या फॉर्मवर द्यावी लागते. तो फॉर्म कराच्या रिटर्नबरोबर जात नाही, त्यामुळे दादाच्या सीपीएला (तिकडच्या सीएला) हे खातं आठवणीने सांगा.