थ्रिलर करायचाय? आधी तिथी बघा

मीडियाच्या वर्गात पाच मिनिटांच्या थ्रिलरचं काम मिळालं आणि गट किनारपट्टीवरचा असला, की पहिली कल्पना जवळजवळ ठरलेलीच असते. रात्र, पडकं कौलारू घर, बेडं (आवाराचं फाटक) करकरत उघडतंय, आत कुणीतरी. कल्पना वाईट नाही, पण महागडी आहे. अंधारात मोबाइलचं चित्र दाणेदार येतं, रातकिड्यांत संवाद बुडतात, फोकस पुढेमागे डोलत राहतो. एवढं करूनही प्रेक्षक नुसता वाट बघत बसतो, कारण घाबरायला त्याच्या हाती काही माहितीच दिलेली नसते.

पटकथा लिहिताना कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे पात्राला काय माहीत आहे ते, उजवीकडे प्रेक्षकाला काय माहीत आहे ते. दोन्ही बाजू सारख्या भरल्या तर तो प्रसंग साधा. उजवी बाजू जड झाली की ताण सुरू. आणि किनाऱ्यावर ही उजवी बाजू जड करायला एक फुकटचं घड्याळ मिळतं: पाणी चढतंय हे प्रेक्षकाला दिसतं, पात्राला दिसत नाही.

एक उदाहरण शॉटनिशी बघू. ओहोटीला खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकावर, एक मुलगा कालवं काढतोय. पहिला शॉट वाइड: खडप, त्यावर एवढासा मुलगा, मागे बांधलेली होडी, ४ सेकंद. दुसरा, कालवं फोडणारे हात, ३ सेकंद. तिसरा, होडीचा दोर. फ्रेममध्ये एक हात येतो आणि गाठ सोडतो, ५ सेकंद, चेहरा दाखवायचा नाही. चौथा, मुलगा शीळ घालतोय, ४ सेकंद. पाचवा, होडी सावकाश सरकतेय, ६ सेकंद. सहावा, पाणी मुलाच्या टाचेला लागतं, तो न बघताच पाय सरकवतो, ३ सेकंद. सातवा, पुन्हा पहिलीच फ्रेम, होडी नाही, ८ सेकंद. एकूण ३३ सेकंद, एकही संवाद नाही. हाच दोर सोडणारा हात सातव्या शॉटनंतर दाखवला तर हाती लागतो फक्त एक दचका. तिसऱ्या क्रमांकावर ठेवला की पुढची वीसेक सेकंदं तुमची.

आता यात काय बिघडतं ते. पहिला आणि सातवा शॉट अगदी एकाच जागेवरून हवेत, पण मधे पाणी चढलेलं हवं. म्हणजे दोन-अडीच तासांचं अंतर. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली खडूने खुणा करा, उंचीच्या नळीवर चिकटपट्टी लावा आणि पहिल्या फ्रेमचा फोटो दुसऱ्या फोनवर ठेवा. खडू लाटेने पुसला तरी फोटोवरून फ्रेम जुळवता येते. दुसरी अडचण होडीची. पूर्ण ओहोटीला ती वाळूवर बसते आणि ढकलली तरी सरकत नाही, म्हणून पाचवा शॉट पाणी तासभर चढल्यावर घ्या. आणि होडीला दुसरा लांब नायलॉनचा दोर पाण्याखालून फ्रेमबाहेर नेऊन होडीवाल्याच्याच हातात द्या. गटातल्या कुणाच्या हातात नाही.

भरती-ओहोटीचं गणित गावात कुणालाही विचारा, तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एक धरून मोजायचं. हा हिशोब मुंबईच्या आसपास बरा जुळतो. खाली रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी आधी येते, म्हणून शूटिंगच्या दिवसासाठी त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रकच बघा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या पुढेमागे भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउतार. उधाणाला पाणी जास्त चढतं आणि जास्त ओसरतं. सूर्यास्ताला लांबलचक ओली वाळू हवी असेल तर पौर्णिमा किंवा अमावस्येच्या जवळचे दिवस घ्या, कारण तेव्हा ओहोटी संध्याकाळीच येते.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे साधारण सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाएवढंच पाणी वाढतं, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन, एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. पहिल्या तासाचा संथपणा बघून 'अजून वेळ आहे' म्हणणारे गट इथेच फसतात. खडपावरचं काम ओहोटीच्या दोन तास आधी सुरू करून ओहोटीनंतर दीड तासात आवरतं घ्या. वरच्या उदाहरणातला सहावा आणि सातवा शॉट तेवढा त्यापुढे जाईल. तो काठाजवळच्या, परतीची वाट कोरडी असलेल्या खडपावरच लावा. एक माणूस फक्त पाण्याकडे बघायला ठेवायचा, त्याच्याकडे दुसरं काही काम नको.

आता सगळ्यात जास्त गट जिथे आपटतात ते. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला निम्मा प्रसंग झाला, उरलेला उद्या पाचला करू. पण भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. उद्या पाचला उजेड तोच असेल, पाणी वेगळं असेल. पाणी जुळवायला पावणेसहापर्यंत थांबलात तर उजेड वेगळा. दोन्ही एकदम जुळायला साधारण पंधरा दिवस लागतात, तेव्हा पाणी पुन्हा त्याच घड्याळ-वेळेला येतं. म्हणून पाणी दिसणारे सगळे शॉट एकाच दिवशी उरका. उरलेलं, म्हणजे चेहरे, हात, पाय, वाळूचे क्लोजअप, दुसऱ्या दिवसासाठी ठेवा आणि त्या फ्रेममध्ये समुद्र येऊ देऊ नका.

तसंच, आपला समुद्र पश्चिमेला आहे. सूर्य पाण्यात मावळतो, उगवतो डोंगरामागून, त्यामुळे गावात सकाळी ऊन उशिरा उतरतं. पौर्णिमेचा चंद्रही संध्याकाळी डोंगराकडूनच वर येतो. 'समुद्रातून चंद्र उगवतो' असं पटकथेत लिहिलेलं असलं, तर ती लिहिणारा किनाऱ्यावर उभा राहून लिहीत नव्हता एवढं नक्की कळतं.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे या शटरला बल्ब लुकलुकत नाहीत. स्वस्त एलईडी तरीही लुकलुकू शकतो, तो आधी दहा सेकंद शूट करून तपासा. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. लॉक केलं नाही तर पात्र माडांसमोरून समुद्रासमोर गेलं की चेहरा आपोआप काळा पडतो. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे आणि हे सगळं त्यात हाताने लावता येतं. दुपारच्या उन्हात १/५० शटर ठेवलं तर चित्र पांढरं पडतं, आणि शटर वाढवलं तर पळणारा माणूस झटक्या-झटक्याने पळतो. त्यावर क्लिपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच), नाहीतर सरळ सकाळ-संध्याकाळ गाठणं.

रात्र दाखवायची तर सूर्यास्तानंतरची वीसेक मिनिटं वापरा. निरभ्र आकाश फ्रेममधून काढा, एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिनकडे, आणि पडवीत एक पिवळा ९ वॉटचा बल्ब. कंदील हातात असेल तर त्याच्या ज्योतीवर चेहरा उजळत नाही. कंदिलाच्या मागल्या बाजूला, कॅमेऱ्याला न दिसेल असा, छोटा पिवळा एलईडी चिकटवा. वीस मिनिटांत तीन-चार शॉटच होतात, म्हणून तालीम उजेडातच संपवलेली असावी.

खारा वारा लेन्सवर धुक्यासारखा थर चढवतो. स्क्रीनवर तो लगेच कळत नाही, घरी गेल्यावर सगळे दिवे पसरट दिसतात. दर अर्ध्या तासाला आधी फुंकणीने वाळू उडवा, मग किंचित ओलसर मऊ कापडाने पुसा. कोरडं कापड घासलंत तर मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात.

आवाजावर मात्र चित्राइतकाच, खरं तर जास्त वेळ द्या. समुद्राची गाज सगळ्या पट्टीत पसरलेली असते, त्यामुळे ती नंतर गाळायला गेलं की माणसाचा आवाजही डब्यातून आल्यासारखा होतो. दुपारनंतर खारे वारे समुद्राकडून जोरात येतात. सकाळी नऊपर्यंत हवा त्या मानाने शांत असते. संवादाचे प्रसंग तेव्हाच. कॉलरमाइकला फरचं टोपण, माइक कपड्याच्या आत, पात्राची पाठ वाऱ्याकडे. ४८ किलोहर्ट्झ, आवाजाचा सर्वांत वरचा टप्पा उणे १२ डेसिबलच्या आसपास. तरीही गाज जिंकलीच, तर तोच संवाद लगेच गाडीत काचा लावून तीनदा बोलून घ्या. पंधरवड्यानंतर तोच सूर नटाला सापडत नाही.

प्रत्येक ठिकाणी कुणीही न हलता दोन मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करायची. बाहेरची पुस्तकं तीस सेकंद सांगतात, इथे ते पुरत नाही, कारण रातकिड्यांचा एकसुरी आवाज कटवर तुटला की लगेच कानाला खुपतो. पण हेच रातकिडे तुमचं सगळ्यात स्वस्त हत्यार. माणूस जवळ आला की ते गप्प होतात. आगरातून (माडा-पोफळीच्या बागेतून) पात्र चालतंय, रातकिडे चालू आहेत, आणि एका बाजूचे एकदम थांबले. काहीही दाखवलेलं नाही, तरी आगरात वाढलेल्या प्रेक्षकाची मान तिकडे वळते. पार्श्वसंगीताची गरजच पडत नाही. तशीच पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचा रुंद भाग: रात्री ती गळून पडल्याचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला समजावून सांगायला नको. वाळकी झावळी फरशीवरून ओढा, रहाटाची करकर जवळून घ्या, कडीकोयंड्याचा आवाज वेगवेगळ्या जोराने पाचसहा वेळा घ्या. हे सगळं एका दुपारी, घरच्या पडवीत होतं.

रक्त लागलंच तर घट्ट साखरेचा पाक एक वाटी, खाण्याचा लाल रंग अर्धा चमचा, चिमूटभर कोको. कोकमाचा आगळ वापरायचा मोह होतो, पण तो जांभळट असतो आणि पिवळ्या दिव्याखाली काळा दिसतो. पाकाला पाच मिनिटांत मुंग्या लागतात, तेव्हा नटाला आधी झोपवायचं आणि मग रंगवायचं, उलट नाही. शर्ट एकसारखे दोन हवेत.

परवानगीचा कंटाळा करू नका. सिंधुदुर्ग, विजयदुर्गसारखे किल्ले पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहेत. तिथे शूटिंगला आधी अर्ज लागतो, आणि पाच मिनिटांच्या फिल्मसाठी ती यातायात सहसा परवडत नाही. कुणाच्या तरी जांभ्या दगडाच्या गडग्याआड तोच परिणाम मिळतो. देवराईत किंवा देवळाच्या आवारात गावकऱ्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही. आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यातले अतिरेकी समुद्रातून आले होते, त्यामुळे किनाऱ्यावरची गावं अनोळखी हालचालीबद्दल जागरूक असतात. खेळण्यातलं पिस्तूल आणि तोंडाला रुमाल बांधलेला मुलगा जेटीवर दिसला तर फोन जाणारच. पोलीस ठाण्यात कॉलेजच्या पत्रावर तारीख, वेळ, जागा आणि नकली हत्याराचा उल्लेख लिहून द्या, शिक्का मारलेली प्रत खिशात ठेवा. ड्रोनसाठी त्या जागेचा झोन नकाशावर बघितल्याशिवाय उडवायचं नाही.

पाच मिनिटांना साठेक शॉट लागतात. नवखा गट दिवसाला पंधरा ते वीस नीट घेतो, म्हणजे तीन-चार दिवस. दोन दिवसांत बसवायचं असेल तर शॉट कमी करा, झोप नाही. बोली एका घरात एकच ठेवा. आई मालवणी आणि मुलगा पुणेरी बोलला की प्रेक्षक गोष्टीतून बाहेर पडतो.

संकलन डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत होतं. मोबाइलच्या फाइलचा फ्रेमरेट बदलता असतो, म्हणून वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज दोन-तीन मिनिटांनी ओठांपासून सरकतो. आधी हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेममध्ये बदलून घ्या. पहिला कट संगीताशिवाय बघायचा. तिथे ताण नसेल तर ढोल लावून येणार नाही.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'आम्हाला खूप शिकायला मिळालं' याला गुण नसतात. गोष्ट माहीत नसलेल्या पाच जणांना कच्चा कट दाखवा, शेजारी बसून त्यांनी फोनकडे कधी बघितलं ती मिनिटं-सेकंदं टिपा, आणि शेवटी एकच विचारा: 'दोर कुणी सोडला असं वाटलं, आणि कधी वाटलं?' समजावून सांगायचं नाही, वाद घालायचा नाही. ती पाच उत्तरं, तुमची मधोमध रेघ मारलेली पटकथा आणि बदललेला कट शेजारी-शेजारी ठेवले की रिपोर्टची अर्धी पानं तिथेच भरतात. बाकीच्यासाठी शूटिंगच्या रोजच्या रात्री दहा ओळी लिहा, पाण्याच्या वेळेसकट.