नवा लाकडाचा स्टोव्ह पेटवताय? या चुका टाळा

इंग्लंडात जुनं घर घेतलं की हॉलमध्ये लाकूड जाळून खोली तापवणारा स्टोव्ह बसवायचा मोह बहुतेकांना होतो. बसवणारा जाताना बजावतो, "सुरुवातीला छोटाच जाळ करा." घोळ इथेच होतो. छोटा जाळ म्हणजे थोडी लाकडं. हवा कोंडून धुमसत ठेवलेली आग नव्हे.

झडप लवकर बंद करणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. दोन जाड ओंडके आत सारायचे, हवेची झडप जवळजवळ मिटायची आणि मंद आचेवर ठेवलंय म्हणायचं. हवा कमी पडली की लाकूड अर्धवट जळतं. धुरातली वाफ आणि डांबरी अंश चिमणीच्या थंड भिंतीवर गोठतात. आतला धूर साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेला की हे हमखास होतं. हा थर म्हणजे क्रिओसोट. पुढे एखाद्या दिवशी मोठा जाळ झाला की तोच चिमणीत पेट घेतो.

त्यापेक्षा मनगटाएवढ्या दोन-तीन फोडी खाली, त्यावर बारीक ढलप्या आडव्या-उभ्या रचा, काडी वरून लावा आणि झडप पूर्ण उघडी ठेवा. ज्वाळा पिवळ्या, खेळत्या दिसल्या पाहिजेत. काच काळी पडतेय, किंवा जाळ चांगला धरल्यावरही बाहेरून चिमणीतून दाट धूर दिसतोय? मग हवा कमी आहे, नाहीतर लाकूड ओलं.

पहिल्याच दिवशी कडक तापवणं

बिडाचं अंग आणि आतल्या विटा हळूहळू तापू द्या. पहिले काही जाळ छोटे करा, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा, आणि मध्ये स्टोव्ह पूर्ण गार होऊ द्या. नेमके किती, ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं. रंग पक्का होताना उग्र वास येतो, तेव्हा खिडक्या उघडा. थंडी वाजली तरी. तोवर रंग मऊ असतो, म्हणून वर चहाचं आधण ठेवू नका, फडकंही फिरवू नका. दाराच्या कडेने फट बुजवणारी दोरी असते, ती ओल्या रंगाला चिकटू नये म्हणून काही कंपन्या पहिल्या जाळाला दार किंचित किलकिलं ठेवायला सांगतात. तसं असेल तर खोली सोडून जाऊ नका.

ओलं लाकूड

ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. ओलावा मोजायचं मीटर लाकडाच्या बाहेरच्या सालीला लावून उपयोग नाही. फोड करून आतल्या ताज्या बाजूला टेकवा. इंग्लंडात मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड ओलं विकायला बंदी आहे, त्यामुळे पिशवीवर 'रेडी टू बर्न'चा (लाकूड पुरेसं सुकं असल्याचा) शिक्का बघून घ्या. रंगवलेल्या फळ्या नकोत, रॉकेल तर नकोच.

धूर खोलीत येतोय?

आधी स्वयंपाकघरात डोकवा. फोडणीसाठी लावलेला एक्झॉस्ट घरातली हवा ओढतो, आणि धूर उलटा आत येतो. तो बंद करा, खिडकी थोडी उघडा. चिमणी फार गार असेल तर आधी वर्तमानपत्राचा एक बोळा जाळून तिला ऊब द्या. तरीही धूर येत राहिला तर जाळ विझू द्या आणि चिमणी साफ करणाऱ्याला बोलवा. एरवीही वर्षातून एकदा तो यायलाच हवा.

कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला ना रंग ना वास, म्हणून त्याचा अलार्म स्टोव्हच्याच खोलीत बसवावा लागतो. नवा स्टोव्ह बसवताना इंग्लंडात तो सक्तीचाच आहे. राखेत निखारे दिवसच्या दिवस जिवंत राहतात. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवा, कचऱ्याच्या प्लॅस्टिक बिनमध्ये नको. सगळी काढूही नका: लाकूड इंचभर राखेवर चांगलं जळतं.