फियाटचं स्टीअरिंग थरथरतंय? पाचव्यांदा बॅलन्सिंग करण्याआधी या चुका टाळा

ताशी ५५पर्यंत काहीच तक्रार नसते. ६० ओलांडले की स्टीअरिंगला बारीक कंप सुटतो, ७०ला डॅशबोर्ड खडखडतो आणि शेजारी बसलेलं माणूस विचारतं, "टायर पंक्चर झालंय का?" माझ्या प्रीमियर पद्मिनीचं हे असं वर्षभर चाललं होतं. (कागदावर पद्मिनी, घरात सगळे फियाटच म्हणतात.) त्या वर्षात मी चार वेळा बॅलन्सिंग केलं. चारही वेळा मशिनवर शून्य दिसलं, चारही वेळा पैसे दिले आणि परत येताना गाडी ६०ला तशीच थरथरली.

माझी चूक अशी की थरथर म्हणजे बॅलन्सिंग, हे मी धरूनच चाललो होतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून शेवटच्या पद्मिनी २०००च्या आसपास बाहेर पडल्या, म्हणजे सगळ्यात धाकटी गाडीसुद्धा आता पंचविशीची आहे. या वयात रिम, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ), बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) यांपैकी कोणीही थरथरवू शकतं. बॅलन्सिंग म्हणजे रिमच्या कडेला शिशाची छोटी वजनं लावणं, आणि ते या सगळ्यानंतरचं काम.

तरी त्या चिमूटभर शिशाला कमी लेखू नका. १४ इंची रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असेल तर ताशी ८०ला चाक सेकंदाला साधारण १२ वेळा फिरतं आणि प्रत्येक फेरीला सुमारे ३ किलोचा हिसका बसतो. ४०ला तोच हिसका पाऊण किलोवर येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून गावात गाडी शहाणी आणि हायवेवर वेडी.

शून्य दिसलं म्हणजे झालं, असं मानणं. माझे पैसे इथेच गेले. बॅलन्सिंग मशिनवर चाक बसवताना रिमच्या मधल्या भोकात शंकू घालतात. आजच्या बऱ्याच गाड्यांना ते चालतं, कारण त्यांचं चाक हबवर (गाडीच्या ज्या भागाला चाक जोडतात त्यावर) त्या भोकानेच मध्यात बसतं. जुन्या गाड्यांच्या पत्र्याच्या रिमा मात्र बहुतेक वेळा बोल्टांच्या निमुळत्या बैठकीवर मध्यात येतात. मधलं भोक नुसतं जागा सोडण्यापुरतं, आणि चाळीस वर्षांच्या गंजाने आणि रंगाच्या थरांनी तेही वाकडंतिकडं झालेलं. मग मशिनवर चाक एका मध्याभोवती फिरतं आणि गाडीवर दुसऱ्याच.

हे पकडायची युक्ती सोपी आहे. शून्य दिसल्यावर दुकानदाराला सांगा, "दादा, मशिनचा नट सैल करून चाक अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा कसून एकदा चालवून बघा." परत शून्य आलं तर बैठक बरोबर. माझ्या एका चाकाने २५ ग्रॅम दाखवले. दुकानदार आधी मशिनकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. अशा वेळी बोल्टांच्या भोकांत पिना घालून चाक धरणारी प्लेट मागा. काही दुकानांत ती कोपऱ्यात धूळ खात पडलेली असते. नसलीच, तर निदान शंकू चाकाच्या आतल्या, म्हणजे हबकडच्या बाजूने लावायला सांगा. ती बाजू सहसा कमी खराब असते.

वाकडी रिम वजनाने सरळ होईल, ही आशा. होत नाही. रिम अंडाकृती असेल तर वजनं लावून मशिन गप्प बसेल, पण रस्त्यावर चाक प्रत्येक फेरीला गाडी उचलणार आणि सोडणारच. घरीच तपासा. गाडी जॅकवर घ्या, खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावा, रिमच्या कडेजवळ विटेवर एक पेन्सिल टेकवून धरा आणि चाक हळूहळू फिरवा. वर-खाली आणि आत-बाहेर, दोन्ही बघायचं. फट दीड मिलिमीटरपेक्षा जास्त बदलत असेल तर ती रिम पुढच्या चाकाला नको. मग पेन्सिल टायरवर धरा. रिम सरळ आणि टायर वाकडा निघाला, तर टायर रिमवर नीट बसलेला नाही किंवा आतून फुगलाय. फुगलेला टायर काढाच. त्यावर हायवेला जाऊ नका.

चिखल न काढता बॅलन्सिंगला जाणं. कोकणातून आलात की रिमच्या आतल्या बाजूला लाल माती घट्ट वाळलेली असते. तिच्यासकट शून्य करून घेतलं तर ती माती गळून पडल्यावर थरथर नव्याने सुरू. जुनी वजनंही आधी सगळी काढायला लावा. हब आणि रिम जिथे टेकतात तिथला गंज तारेच्या ब्रशने घासा. बोल्ट चाक हवेत असतानाच समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा, शेवटचा जोर गाडी खाली घेतल्यावर.

उभ्या गाडीच्या टायरला दोष देणं. नायलॉनचे क्रॉसप्लाय (आतले दोरे तिरपे असलेले, जुन्या पद्धतीचे) टायर असतील आणि गाडी महिनाभर पार्किंगमध्ये असेल, तर टायर खालून चपटे होतात. पहिली पंधरा-वीस मिनिटं गाडी धडधडते, टायर तापले की शांत. त्यानंतर बॅलन्सिंगला जा, आधी नको. टायर किती जुना तेही बघा: कडेच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. एकाच अॅक्सलवर एक रेडियल आणि एक क्रॉसप्लाय मुळीच चालत नाही.

हलणारे सांधे सोडून चाकाच्या मागे लागणं. खड्डा लागल्यावर स्टीअरिंग वेड्यासारखं डावं-उजवं हलतं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही? हे सहसा झिजलेल्या सांध्यांचं लक्षण. उचललेलं चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग सैल, राहिला तर किंगपिन. डावीकडे-उजवीकडे हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉडचं (स्टीअरिंगचा जोर चाकाला देणाऱ्या दांडीचं) टोक बघा.

थरथर हातात नाही, सीटखाली जाणवते? मग मागची चाकं किंवा प्रॉपेलर शाफ्ट. पुढची-मागची चाकं अदलाबदल करा. थरथरीने जागा बदलली तर दोष चाकात. शाफ्ट चाकाच्या चार-साडेचार पट वेगाने फिरतो, म्हणून त्याची थरथर बारीक, गुणगुणल्यासारखी असते. क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा लवचीक सांधा) बदलायला शाफ्ट काढणार असाल तर आधी सगळ्या जोडांवर खडूने खूण करा. माझ्या मेकॅनिकने एकदा ती न करता शाफ्ट जोडला आणि क्रॉस धरणारे दोन टोकांचे काटे एका रेषेत राहिले नाहीत. नवे क्रॉस घालूनही गाडी आधीपेक्षा जास्त गुणगुणली.

अलाईनमेंटने (चाकांचे कोन जुळवण्याने) थरथर जात नाही. टायर एका बाजूने खाल्ले जात असतील तर ती करा, पण सगळ्यात शेवटी.

माझ्या गाडीत उजवीकडची पुढची रिम अडीच मिलिमीटर बाहेर निघाली. ती स्टेपनीत गेली, स्टेपनी पुढे आली आणि पिनांच्या प्लेटवर चारही चाकं पुन्हा केली. आता ७०ला स्टीअरिंग स्थिर असतं. ८०च्या पुढे सीटखाली अजून किंचित गुणगुणतं. शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचा रबर आणून ठेवलाय, येत्या रविवारी गाडीखाली शिरायचंय.