हरिपाठाला बसताना डोक्यातला "काऊन?" बाजूला कसा ठेवायचा

मी बीएस्सी ॲग्री झालेला माणूस, "काऊन" म्हणजे "का" हे विचारून कारण समजल्याशिवाय गोष्ट घशाखाली उतरत नाही. त्यात व्हॉट्सॲपवर रोज सकाळी कोणीतरी पाठवतोच, घंटेने मेंदूचे दोन्ही भाग जागे होतात, तुळस रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडते, असं काहीबाही, आणि खरं सांगतो मी पण ते पुढं ढकलायचो. एकदा आजीला सांगायला गेलो की तू तुळशीला पाणी घालते ना, त्यामागं सायन्स आहे. ती तांब्या तसाच हातात धरून म्हणे, "मले तं वाटते तिले तहान लागत असंन, बाप्पा."

तर पहिलं काम हे, की असली उसनी कारणं सोडून द्या. उजेड नसला की पानं ऑक्सिजन बनवत नाहीत, हे शाळेच्या पुस्तकातच आहे, म्हणजे तो मेसेज ना धड सायन्स ना धड भक्ती. आणि तुळशीला पाणी घालायला सर्टिफिकेट लागत असंल तर मनात कुठंतरी आपल्यालाच त्या पाण्याची लाज वाटून राहिली, असं माझं मत आहे.

दुसरं म्हणजे "काऊन" मारायचा नाही, त्याला त्याच्या वावरात सोडायचा. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं आमच्याकडं कपाशीची वाट लावली तेव्हा पारावर एकजण म्हणे गावावर कोप झाला. कोप कशाचा, अळीला बीटी बियाण्यातल्या विषाची सवय झाली, वरून आपण फरदड (वेचणी झाल्यावरही उभं ठेवलेलं कपाशीचं पीक) ठेवून तिला पुढच्या हंगामापर्यंत पोसलं! तिथं विचारा, खोदून खोदून विचारा, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे) लावा. पण अर्धी बोंडं किडलेली पाहून रात्री झोप येत नाही आणि "माह्याच वाट्याले काऊन" असं आतून येते ना, त्याचं उत्तर कृषी सहायकाकडं नसते. मी त्याच हिवाळ्यात पहिल्यांदा हरिपाठाला जाऊन बसलो. उत्तर तिथंही भेटलं नाही, झोप मात्र यायला लागली. ती कशानं आली हे शोधायचं नाही असं मी ठरवलं, आणि सगळ्यात अवघड तेच गेलं.

सुरुवात कशी करायची तर एकट्यानं डोळे मिटून बसू नका, नवीन माणसाचं डोकं तिथं जास्तच पळते. लोकांत बसा आणि हातात टाळ घ्या. दोरी बोटाला गुंडाळायची, डावा टाळ स्थिर, उजवा किंचित तिरपा आणून काठावर मारायचा. दोन्ही सपाट भिडवले तर मधी हवा दबते आणि थप्प असा मेलेला आवाज येते, आणि सगळे तुमच्याकडं पाहतात (मी पंधरा दिवस असाच थपथप वाजवला). यात गंमत ही, की मनात विचार आला का या चरणाचा नेमका अर्थ काय, की हात चुकलाच. ताल धरला तर प्रश्न सुटतो, प्रश्न धरला तर ताल सुटतो. ज्ञानोबांच्या हरिपाठाचे अभंग 27 का 28 यावरही वाद घालणारे आहेत, त्यांना घालू द्या, तुम्ही पुढचं चरण म्हणा. अर्थ शोधायचाच असंल तर दुसऱ्या दिवशी वावरात डवरणी (कोळपणी) करताना शोधा.

शेगावच्या गजानन महाराजांचं "गण गण गणात बोते" घ्या. 1878 साली महाराज शेगावात दिसले, तेव्हापासून त्याचे किती अर्थ लोकांनी लावले असतील, जीव-ब्रह्म एक आहे वगैरे, पण दर्शनाच्या लाईनमधली बाई डोक्यावरचं गाठोडं सावरत ते म्हणते तेव्हा कुठला अर्थ मनात धरून म्हणते? तुम्हाला दिवसभर बसणं जमत नसंल तर मोझरीसारखं करा. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला तिथल्या त्यांच्या गुरुकुंज आश्रमात संध्याकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी सगळे मौन उभे राहतात, सगळं थांबते. घरी रोज दोन मिनिटं तसं थांबून पाहा, काही वाटलं नाही तरी चालते, काही वाटावं म्हणून थांबायचंच नाही.

आता एक गोष्ट ठासून. कारण सोडायचं म्हणजे अक्कल सोडायची नाही. साप चावला तर मंत्र-मांत्रिक नाही, सरळ दवाखाना. कोणी बाबा पैसे मागत असंल, भीती घालत असंल, बायकांना एकटं बोलवत असंल तर तिथं "काऊन" मोठ्यानं विचारायचा, जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे तो त्यासाठीच. आणि गाडगेबाबा तर भर कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून विचारून नवस-बळीच्या नादातून बाहेर काढायचे, अन् लगेच तोच माणूस "गोपाला गोपाला" म्हणत नाचायचा. त्यांना दोन्ही जमत होतं, आपल्याला निदान टाळ तरी जमावा.

कोजागिरीपासून काकडा (पहाटेची आरती-भजन) सुरू होते, नवीन माणसाला तो महिना बरा. पहाटे थंडी असते, दुपट्टा न्या. टाळाला दोरी सुती घ्या, नायलॉनची बोटाला काचते.