सर्व्हर दुरुस्तीला जाताय? या चुका टाळा

चुकीची डिस्क काढणं ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की आता नुसतं ऐकलं तरी डोकं उठतं. तिकिटावर ‘स्लॉट ३’ लिहिलेलं असतं आणि साहेब एक, दोन, तीन मोजून डिस्क ओढतात. अरे, बऱ्याच सर्व्हरमध्ये मोजणी शून्यापासून असते. ३ म्हणजे चौथी!

माझ्यासोबतच्या एका पोराने नेमकं हेच केलं. रेड ५, म्हणजे अनेक डिस्कवर डेटा विभागून ठेवायची पद्धत, एकच डिस्क गेलेली सहन करतं. तिथे एक आधीच मेलेली, त्यात याने चांगली काढली. व्हर्च्युअल डिस्क (या सगळ्या डिस्क मिळून सर्व्हरला दिसणारी एक) ऑफलाइन, डेटाबेस आडवा. घाबरून त्याने डिस्क परत खुपसली, रेड सांभाळणाऱ्या कंट्रोलरने ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’, म्हणजे डिस्कवर परकी वाटणारी रेडची नोंद, दाखवलं आणि स्वारी ‘क्लिअर’ दाबायला निघाली. मी हातच धरला. क्लिअर केलं की डिस्कवरची रेडची नोंद पुसली जाते, मग इम्पोर्ट, म्हणजे ती नोंद परत स्वीकारणं, कशाचं करणार? आधी कंट्रोलरचा लॉग उतरवला, स्टोरेजवाल्यांना फोनवर घेतलं आणि ते म्हणाले तेव्हाच इम्पोर्ट केलं. ॲरे, म्हणजे डिस्कचा तो संच, उभा राहिला, पण अर्धी रात्र फाइलसिस्टम तपासण्यात गेली.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. आयड्रॅक किंवा आयएलओ या सर्व्हर दुरून हाताळायच्या सोयींवरून सर्व्हरचा लोकेट दिवा (नेमका सर्व्हर कोणता ते दाखवणारा) लावायचा, सिरीयल नंबर फोनवरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा, मग त्या डिस्कचा दिवा लुकलुकवायचा. फिरणारी डिस्क असेल तर खिट्टी सोडून ती बोटभर पुढे घ्यायची आणि आतल्या तबकड्या थांबेपर्यंत अर्धा मिनिट गप्प उभं राहायचं. या अर्ध्या मिनिटात नवख्यांचे हात जे शिवशिवतात, ते बघण्यासारखं असतं.

दुसरं दुखणं पॉवरचं. दोन पॉवर सप्लाय आहेत म्हणून दोन्ही वायरी जवळच्या एकाच पीडीयूत, म्हणजे रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीत, खोचणारे महाभाग आहेत. एक ए फीडवर, दुसरी बी फीडवर, म्हणजे दोन वेगळ्या वीजपुरवठ्यांवर, हे सांगूनही. आणि नुसतं विभागून भागत नाही: दोन्ही फीड ६० टक्क्यांवर चालत असतील, तर एक गेल्यावर दुसऱ्यावर १२० टक्के येतात आणि ब्रेकर पडतो. मी प्रत्येक फीड ४० टक्क्यांच्या आत ठेवतो. पॉवर सप्लाय बदलताना दुसऱ्याचा दिवा हिरवा आहे ना, हे मागे जाऊन बघा. समोरून अंदाज बांधू नका.

रॅम मिळेल त्या खाचेत बसवू नका; झाकणाच्या आत आकृती चिकटवलेली असते. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा, लाजू नका. रॅकमधल्या रिकाम्या जागी ब्लँकिंग पॅनल, म्हणजे झाकणपट्टी, परत लावा, नाहीतर मागची गरम हवा पुढे येते.

फायबर केबल खोचण्याआधी तिचं टोक दरवेळी पुसा, नवीन पाकिटातली असली तरी. लिंक लागत नाही म्हणून एसएफपी (फायबर जिथे खोचतात ते छोटं मॉड्यूल) बदलत बसलेल्यांच्या केबलचं टोक स्कोपखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, धरलं, तर बहुतेकदा धूळच दिसते.