समुद्रावरून विमानाने जाताय? लाइफ जॅकेट विमानाच्या आत फुगवू नका

आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब पुढच्या महिन्यात अंदमानला चाललंय, काकूंनी काल जिन्यात विचारलं काय काय घेऊ बरोबर. कपडे-औषधं त्यांचं त्या बघतील, मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

तीन वर्षांपूर्वी आईला घेऊन मी असंच निघाले होते. विमान समुद्रावर असताना एका इंजिनात बिघाड झाला, क्रूने सगळ्यांना जॅकेट घालायला सांगितलं, मी घातलं आणि लगेच लाल पट्टी ओढली. सीटवर बसल्या बसल्या! जॅकेट गळ्याशी टम्म फुगलं, पुढे वाकता येईना, आणि माझं बघून आईनेही तिचं ओढलं. विमान शेवटी धावपट्टीवरच उतरलं म्हणून आम्ही दोघी आहोत.

तर पहिलं हेच. जॅकेट घाला, कमरेचा पट्टा आवळा (नाहीतर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं), पण आत फुगवायचं नाही. दाराशी पोचल्यावर, बाहेर पडताना पट्टी ओढायची. १९९६ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं अपहरण झालेलं विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं, १७५ पैकी १२५ माणसं गेली. त्यातल्या बऱ्याच जणांनी जॅकेट आधीच फुगवलं होतं, पाणी शिरलं तसं जॅकेटने त्यांना वर छताकडे नेलं आणि बाहेर पडायची वाट राहिली खाली, पाण्यात. बुडी मारावी तर फुगलेलं जॅकेट बुडूच देत नाही. आपल्याला गंगापूर धरणावरच्या बोटिंगची सवय, तिथलं जॅकेट फोमचं, घातलं की झालं. विमानातलं चपटं असतं, पट्टी ओढली की गॅसने फुगतं. चुकून आत फुगलंच तर तोंडाने फुंकायची नळी असते, तिच्या टोकाची झडप दाबून हवा काढा, आम्हाला क्रूच्या मुलीने तसंच करून दिलं.

आता बाकीचं. आईला साडी नको, पंजाबी ड्रेस बरा, भिजलेली साडी पायात गुंडाळते. कापड सुती घ्या, सिंथेटिक आगीत अंगाला चिकटतं. बूट नाडीचे. पोहायला येत असेल तर चांगलंच.

आपण नाशिकहून मध्यरात्री निघतो, कसारा घाट उतरून मुंबई गाठेपर्यंत झोपेचं खोबरं झालेलं असतं, सीटवर बसलं की डोळा लागतो आणि नेमकं तेव्हाच क्रू जॅकेट दाखवत असते. मी झोपले होते. तुम्ही झोपू नका, ती दोन मिनिटं बघा, पट्टी कधी ओढायची ते त्या तेव्हाच सांगतात! सीटखाली हात घालून जॅकेट आहे ना ते चाचपा. पुढच्या आणि मागच्या दारापर्यंत किती रांगा आहेत त्या मोजा, अंधारात हाताने मोजत जावं लागतं. सीटचा पट्टा दोनदा काढून बघा, गाडीसारखं बटण नसतं, झाकण उचलायचं असतं, घाबरलेला माणूस बटणच शोधत बसतो.

विमान पाण्यावर उतरताना सीटचा पट्टा ओटीपोटाखाली घट्ट, पाय जमिनीवर सपाट आणि जरा मागे, डोकं पुढच्या सीटला टेकलेलं. एका धक्क्यावर उठू नका, पाण्यावर दोन-तीनही बसतात. फुगलेलं जॅकेट घालून हे वाकणं जमत नाही, मला जमलं नाही, म्हणून पुन्हा सांगतेय.

मग बॅग सोडा, अगदी पर्ससुद्धा. दार क्रूला उघडू दे, बाहेर पाणी वर आलेलं असेल तर ते दार नाही, दुसरं. २००९ मध्ये हडसन नदीत उतरलेलं विमान शेपटीकडून बुडत होतं, लोक पुढच्या दारांतून आणि पंखांवरून बाहेर पडले आणि १५५ च्या १५५ वाचले.

दाराशी पट्टी ओढा, तराफ्यात बसा. तराफा नसेल तर एकमेकांना धरून, गुडघे पोटाशी, लहान मुलं मध्ये. शिट्टी जॅकेटलाच असते, दिवा पाणी लागलं की पेटतो.

रविवारी काकूंकडे जाऊन पट्टी कुठे असते ते कागदावर काढून दाखवणारे, त्यांच्या सासूबाईंनाही समोर बसवणार.